शेततळ्यात रोहूला उवा झाल्यात, पण सोबत कोळंबीही आहे. औषध टाकू का?

शेततळेवाला:
३० × ३० × ३ मीटरचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं. रोहू, कटला, मृगळ आणि त्यातच गोड्या पाण्यातली कोळंबी सोडली आहे. आठवडाभर रोहू काठाला अंग घासतायत, मधेच उड्या मारतायत, खाद्य निम्मं उरतंय. जाळं टाकून पाहिलं तर परांच्या बुडाशी मसुराएवढे चपटे, पारदर्शक ठिपके. नखाने ढकलले की सरकतात, खाली लाल डाग. दुकानदार सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक टाका म्हणतोय. किती मिली टाकू?

पाणवठा:
दादा, टाकू नका. ही आर्ग्युलस, माशांची ऊ. नावाला ऊ, पण कीटक नव्हे, कोळंबी-खेकड्यांच्याच कुळातली. सायपरमेथ्रिन असो की डेल्टामेथ्रिन, उवा मारताना कोळंबीही मारणार. शिवाय कटला ज्यावर जगतो ते प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मरून कुजतात आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

घाव घालायचा तो अंड्यांवर. उवेची मादी माशाच्या अंगावरून उतरून दगड, लाकूड, अस्तर अशा टणक जागी अंडी चिकटवते. जवळून पाहिलं तर चिकट, पिवळसर, ओळीने मांडल्यासारखी दिसतात. उबदार पाण्यात ती साधारण २-३ आठवड्यांत फुटतात. म्हणून ८-१० खडबडीत फळ्या पाण्यात हातभर खाली टांगा, दर ७ दिवसांनी काढून खरवडा आणि २-३ दिवस कडक उन्हात वाळवा. तोवर दुसरा संच पाण्यात. हे निदान दोन महिने चालवा. एक आठवडा चुकला की तेवढी अंडी फुटलीच समजा. अस्तराचा पाण्याखालचा पट्टाही ब्रशने घासा.

गोडंपाणी:
पुढे कधी कोळंबी काढून औषध द्यायची वेळ आली तर आकारमान नीट काढा. ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर धरतात, तिथेच चुकतं. बाजूंचा उतार १:१.५ (१ मीटर खोलीला १.५ मीटर आत) असेल तर तळ २१ × २१ उरतो आणि काठोकाठ भरलं तरी पाणी १,९७१ घनमीटरच. म्हणजे मात्रा सव्वापटीहून जास्त जाते. पाणी कमी असेल तर आणखीच. पिकाच्या फवारणीचं औषध तर नकोच. मत्स्य अधिकाऱ्याला नमुना दाखवूनच मात्रा ठरवा. अंडी औषधाने मरत नाहीत, त्यामुळे एका मात्रेत काम होत नाही. औषध दिलेल्या पाण्यात कोळंबी लगेच परत सोडू नका.

शेततळेवाला:
फळ्या आजच टांगतो. कोळंबीच्या पाठीवर मळकट लव दिसते, तीही ऊच का?

पाणवठा:
नाही. ते बहुधा झूथॅम्नियम किंवा एपिस्टायलिस, कवचाला चिकटून पाण्यातले जिवाणू खाणारे एकपेशीय जीव. कोळंबीचं मांस खात नाहीत, पण कल्ल्यांवर दाटले की तिला श्वास पुरत नाही. तळाशी कुजलेलं खाद्य साचल्याची ती खूण. खाद्य उरतंय तेवढं कमी करा, तळाचा गाळ उपसा, थोडं पाणी बदला. कात टाकली की जुन्या कवचासोबत लवही जाते. पाणी तसंच घाण राहिलं तर नव्या कवचावर पुन्हा धरते.