मदत हवी आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवर पिप चालत नाही, ॲडमिन हक्क नाहीत

विंडोज ११, ॲडमिन हक्क नाहीत. पायथन ३.११ आयटीनेच प्रोग्राम फाइल्समध्ये टाकून दिलंय, सोबत पिप (पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) २३.१.२. महिनाअखेरच्या एक्सेल फाइली एकत्र करायला पांडाज आणि ओपनपायएक्सएल ही पॅकेजेस हवीत. पिप इन्स्टॉल दिलं की ‘रिट्राइंग’ येत राहतं आणि शेवटी ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’. ब्राउझरमध्ये मात्र पायपीआय (पायथन पॅकेजेसची साइट) व्यवस्थित उघडतं. पिपला ‘ट्रस्टेड-होस्ट’ हा पर्याय लाव असा सल्ला मिळालाय. लावू का?

प्रतिसाद १

नका लावू. त्याने त्या साइटच्या सर्टिफिकेटची तपासणीच बंद होते. मध्ये कोणी फाइल बदलून दिली तरी पिप ती निमूट घेईल.

कारण असं: कंपनीचा प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) एचटीटीपीएस उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो. आयटीने ते विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये टाकलेलं असतं, म्हणून ब्राउझर खूश. जुना पिप तिथे बघतच नाही, तो ‘सर्टिफाय’ नावाची स्वतःची सर्टिफिकेट-यादी वापरतो. पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, विंडोजचं स्टोअर आपोआप वापरलं जातं. म्हणजे तुम्हाला फक्त नवा पिप हवा.

तो पिपने उतरणार नाही, म्हणून ब्राउझरने आणा. पायपीआयवर पिपच्या पानावर ‘डाउनलोड फाइल्स’मधून व्हील फाइल (बसवायला तयार पॅकेज) घ्या. मग ‘पायथन -एम व्हीएन्व्ह’ने तुमच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेससाठी वेगळी जागा) बनवा आणि तिच्यातल्या पायथनने ‘-एम पिप इन्स्टॉल’पुढे त्या व्हीलचा पूर्ण पाथ द्या. प्रोग्राम फाइल्सला हात लागत नाही.

नंतर ४०७ हा एरर आला तर प्रॉक्सी लॉगिन मागतोय. पासवर्ड पिपच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवू नका, तो साध्या मजकुरात राहतो.

प्रतिसाद २

आधी आयटीला विचारा की नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी अशा पॅकेज-सर्व्हरवर पायपीआयचा अंतर्गत मिरर (प्रत) आहे का. असला तर पिपचं ‘इंडेक्स-यूआरएल’ सेटिंग तिकडे वळवा, काम संपलं. नसेल आणि साइट उघडून घ्यायची असेल तर दोन डोमेन मागा: पायपीआय डॉट ऑर्ग आणि फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग. पहिल्यावर यादी असते, फाइली दुसऱ्यावरून येतात. एकच उघडलं तर पॅकेज सापडतं आणि डाउनलोडला अडतं.

सोपं म्हणून ॲनाकोंडा (पायथन आणि पॅकेजेसचा तयार संच) टाकू नका. २०० पेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत त्यांच्या अटींनुसार पैसे भरावे लागतात.

प्रश्नकर्ता

नव्या पिपने दोन्ही इन्स्टॉल झाली, आभार! पण इम्पोर्ट पांडाज केलं की ‘डीएलएल लोड फेल्ड’, आणि पुढे ‘ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीने ही फाइल ब्लॉक केली आहे’ अशा अर्थाचं.

प्रतिसाद १

हा वेगळा अडथळा आहे. पांडाजला नमपाय लागतं, आणि दोन्हींमध्ये कंपाइल केलेल्या पीवायडी फाइली असतात. विंडोजच्या लेखी त्या डीएलएलच, म्हणजे प्रोग्राम चालताना लोड होणाऱ्या कोडच्या फाइली. तुमच्या फोल्डरमधल्या, मान्यता नसलेल्या डीएलएल चालू द्यायच्या नाहीत असा नियम आयटीने लावलाय. फोल्डर बदलून किंवा फाइलचं नाव बदलून पळवाट शोधू नका. नोकरीच्या शिस्तीचा प्रश्न होतो.

आयटीकडे तिकीट टाका, पण ‘पांडाज चालत नाही’ एवढंच लिहून भागणार नाही. पॅकेजची नावं आणि अचूक आवृत्त्या (‘पिप फ्रीझ’चं आउटपुट जोडा), एन्व्हायर्नमेंटचा पाथ, कामाचं कारण, प्रत्येक व्हीलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलची ओळख पटवणारा कोड) द्या. हॅश पायपीआयवर फाइलच्या तपशिलात दिसतो. उतरवलेल्या फाइलचा ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ने, फाइलच्या नावापुढे ‘एसएचए२५६’ लिहून, काढा आणि जुळवा. आयटीला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोड इंटिग्रिटीच्या नोंदीत ३०७७ क्रमांकाचा इव्हेंट बघायला सांगा. ॲपलॉकरचा (प्रोग्राम अडवायची विंडोजची दुसरी सोय) नियम असेल तर त्याच्या नोंदीत ८००४. नेमकी कुठली फाइल अडली ते तिथेच कळतं.

तोवर तुमचं काम अडायला नको. ओपनपायएक्सएल शुद्ध पायथनमध्ये आहे, त्याला लागणारं ईटी-एक्सएमएलफाइलही. डीएलएल नाहीच, त्यामुळे हा नियम आड येत नाही. फाइली एकत्र करायला ते पुरतं: ‘लोड-वर्कबुक’ला ‘रीड-ओन्ली’ आणि ‘डेटा-ओन्ली’ दोन्ही ट्रू द्या, ओळी ‘इटर-रोज’ने ‘व्हॅल्यूज-ओन्ली’ लावून वाचा आणि नव्या वर्कबुकात ‘अपेंड’ करा. दुसऱ्या फाइलपासून हेडरची ओळ सोडायला ‘मिन-रो’ २ ठेवा. ‘डेटा-ओन्ली’मध्ये सूत्राऐवजी एक्सेलने शेवटचं सेव्ह केलेलं उत्तर मिळतं, एखाद्या सॉफ्टवेअरने बनवलेली फाइल एक्सेलमध्ये कधी उघडून सेव्हच केली नसेल तर सूत्रांच्या जागी ‘नन’ (रिकामं मूल्य) येईल. ती फाइल आधी एक्सेलमध्ये सेव्ह करून घ्या.