उपयोजित वर्तन विश्लेषण: उद्दिष्ट कोणी ठरवायचे?

धागालेखक

बक्षिसाच्या आमिषाने मुलांना वळण लावणे म्हणजेच उपयोजित वर्तन विश्लेषण, हा समज मला अन्यायकारक वाटतो. वर्तनाच्या परिणामांवरून ते वर्तन वाढते की घटते, या मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या तत्त्वांच्या या उपयोजनाला १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी स्पष्ट चौकट दिली. तिच्यात पहिला प्रश्न असतो तो हे वर्तन घडते कशामुळे, हा. अभ्यास समोर येताच एखादे मूल डोके आपटत असेल आणि त्यामुळे अभ्यास दूर केला जात असेल, तर सुटका झाल्याने डोके आपटणे बळावते. यालाच ऋण प्रबलन म्हणतात, जरी अनेक जण त्याचा अर्थ शिक्षा असा करतात. अशा मुलाला दटावण्याऐवजी मदत मागायला शिकवावे, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते.

प्रतिसाद: मितभाषी

उदाहरण योग्य आहे, परंतु ते सोयीचेही आहे, कारण डोके आपटणे थांबावे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात १९ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना याच पद्धतीने आठवड्याला सुमारे ४० तास प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसामान्य पातळीवर पोहोचल्याचे सांगितले गेले. मुलांची गटवारी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती, आणि मांडीवर चापट मारणे हाही त्या पद्धतीचा भाग होता. कोणालाही इजा न करणारे हात हलवणे थांबवायचे, नजरेला नजर भिडवायला लावायची, ही उद्दिष्टे नेमकी कोणाच्या हिताची? स्वतःला सतत लपवून जगण्याचा थकवा किती असतो, हे अनेक स्वमग्न प्रौढ आज सांगत आहेत.

धागालेखक

चापटीचे समर्थन मी करणार नाही. मात्र जुन्या चुकांसाठी निरीक्षण, नोंदी आणि आलेख यांची शिस्तच टाकून दिली, तर स्वतःला इजा करणाऱ्या मुलांच्या वाट्याला बांधून ठेवणे किंवा गुंगीची औषधे येण्याचा धोका वाढतो, आणि त्याची मला खरी काळजी वाटते.

प्रतिसाद: अन्वय

शिस्त असावी, पण नोंद फक्त मुलाच्याच वर्तनाची का? १९६८ च्या त्याच चौकटीत निवडलेले वर्तन समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे अशी अट आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे, कारण त्या समाजात ते मूलही येते. मूल तोंड फिरवते, उठून जाते, हुंदके देते, तेव्हा त्याला असहकार न म्हणता नकार म्हणून नोंदवावे, आणि तो नकार वारंवार येत असेल तर मुलाऐवजी उद्दिष्ट बदलावे.