वर्गणी केंद्राने भरली, पण माणसं?

अनेकजण म्हणतात की ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची ऑनलाइन वर्गणी केंद्राने भरायची योजना) आल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात कर्मचारी भरायची फारशी गरज उरली नाही. मला हे अजिबात पटत नाही. योजना चांगलीच आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला जे कधीच परवडलं नसतं ते आता मिळतंय. पण ही नियतकालिकं प्रामुख्याने इंग्रजी आहेत. मराठीची जुनी मासिकं, जिल्ह्याजिल्ह्यांतले स्मरणिका-अहवाल, टंकलिखित प्रबंध यांचं काय? ते ग्रंथालयाच्या मांडणीवरच आहेत, आणि त्यांची नीट तालिका (कॅटलॉग) नसेल तर असून नसल्यासारखे.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे प्रबंधही आपोआप येत नाहीत. विद्यापीठातलं कुणीतरी फायली तपासून, विषय-मार्गदर्शक नोंदवून ते चढवतं. जुने असतील तर आधी स्कॅनिंग.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते मूळचे गणिताचे शिक्षक. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. पीएच.डी.ची पहिलीच पायरी चढणाऱ्या मुलीला कुठला डेटाबेस उघडायचा, कुठला शब्द टाकून शोधायचा हे शेजारी बसून दाखवणारा संदर्भ ग्रंथपाल नेमकं तेच करतो. हे काम दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून कसं होणार? संग्रह ओळखीचा व्हायलाच काही वर्षं जातात. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनीही लावून धरायला हवी.