१० मिमी जाडीची लोखंडी पट्टी घरच्या वर्कशॉपमध्ये कशी वाकवावी? सल्ला हवा

खटपट_चालू
नमस्कार मंडळी. लाकडी वर्कबेंचसाठी सहा एल-ब्रॅकेट करायला घेतलेत. पट्टी माइल्ड स्टीलची (कमी कार्बनचं साधं पोलाद), ५० मिमी रुंद, १० मिमी जाड. बाहेरून मोजून एक पाय २५० चा, दुसरा १५० चा, मध्ये काटकोन.

५ मिमीपर्यंतची पट्टी मी नेहमी व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वळवतो. हीही तशीच धरली आणि घणाने ठोकली. जेमतेम ३० अंश वळली, तीही कोपऱ्यात नाही. जबड्याच्या वरचा सगळा भाग धनुष्यासारखा वाकला, आणि व्हाइसच्या हलत्या जबड्याला तडा गेला. बारा वर्षं वापरलेला व्हाइस होता, फार वाईट वाटलं.

जवळ ग्राइंडर, आर्क वेल्डिंग मशीन, १० टनी बॉटल जॅक आणि एक छोटा गॅस टॉर्च आहे. थंड वाकवू की तापवून? कोपरा होईल तितका धारदार हवाय, पण ब्रॅकेटवर भरपूर वजन येणार आहे. आत कुठे चीर राहिली तर झोप लागायची नाही.

निखारा
तापवूनच करा. ९०० ते १००० अंशांना, म्हणजे नारिंगी झालेलं लोखंड थंड लोखंडाच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या जोरावर वळतं. पण छोट्या टॉर्चने ५० × १० ची पट्टी त्या रंगाला येणार नाही. एका जागी दिलेली उष्णता पट्टीभर पळून जाते. कोळशाची लहान भट्टी आणि ब्लोअर हवा, नाहीतर ऑक्सि-ॲसिटिलीनचा गॅस टॉर्च. तापवायची ती फक्त वळणाची जागा, ३०-३५ मिमीचा पट्टा. बाकीची पट्टी काळी राहिली की वळण जिथे हवं तिथेच पडतं.

उन्हात रंग ओळखू येत नाही, म्हणून सावलीत काम करा. चुंबक लावून पाहा: ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला धरायचं सोडतं, तिथून अजून बरंच वर जायचंय. रंग मंद लाल झाला की हात थांबवा, पुन्हा भट्टीत घाला. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट तापवणं. २०० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात, पृष्ठभागावर निळी झाक येते तेव्हा, हे पोलाद थंडपेक्षाही ठिसूळ असतं. "थोडं गरम केलं तर सोपं जाईल" म्हणून टॉर्च फिरवलात तर नेमके तिथेच अडकाल.

वळवल्यावर हवेतच निवू द्या, पाण्यात बुडवू नका. आणि पट्टीवर जस्ताचा मुलामा असेल तर भट्टीत घालायच्या आधी तो पूर्ण काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं. त्याच्या धुराने ताप भरतो, हुडहुडी भरते.

जुनी_कानस
निखारादादा, भट्टी असेल तर तुमचंच खरं. पण सहा ब्रॅकेटसाठी भट्टी उभारायला नको. १० टनी जॅक घरात आहे, थंडच होईल.

आधी जोराचा हिशेब. रुंदी गुणिले जाडीचा वर्ग, भागिले ४: ५० × १०० ÷ ४ = १२५०. माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं) २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर ३१२ न्यूटन-मीटर. एक मीटरच्या दांडीच्या टोकाला ३२ किलो. बाजारातली पट्टी २५० पेक्षा कडक निघते आणि वळताना आणखी कडक होते, म्हणून ४५ धरा. जाडी वर्गात येते हे लक्षात ठेवा: ५ मिमीला जेवढा जोर लागत होता त्याच्या चौपट १० ला लागतो. तुमचा घण इथेच हरला. शिवाय लांब टोकावर ठोकलं की मधली पट्टीच वाकत जाते. ठोकायचंच असेल तर जबड्याला लागून आणि स्थिर जबड्याच्या दिशेने. पुन्हा एकदा सांगतो, स्थिर जबड्याच्या.

आता जॅक. चॅनेलची चौकट वेल्ड करा. खाली जाड प्लेटवर ३२ मिमीचे दोन गोल बार, मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमी (जाडीच्या आठपट), आणि त्यांच्यामध्ये खाली किमान ४० मिमी मोकळी जागा. वरून दाबणाऱ्या पंचाच्या टोकाला २५ मिमीचा गोल बार. या मापाला साडेतीन टनांच्या आसपास जोर लागतो. १० टनी जॅक आरामात पेलेल. जॅक उलटा टांगू नका, बहुतेक बॉटल जॅक उलटे चालत नाहीत. उभाच ठेवा आणि पंच ज्यावर बसवलाय तो हलता आडवा बार स्प्रिंगने परत येईल असं करा.

एक गोष्ट मी पहिल्या चौकटीत चुकलो होतो. वळताना दोन्ही पाय पंचाच्या दोन बाजूंनी ४५ अंशांत उठतात. पंच बुटका असेल तर पाय वरच्या आडव्या बाराला अडकतात आणि ७०-८० अंशांवर काम थांबतं. बाराची अर्धी रुंदी ६० मिमी असेल तर पंच किमान १०० मिमी उंच ठेवा.

आतली त्रिज्या अंदाजे १३ मिमी येईल, आणि वजन पेलायचं असेल तर तीच हवी. धारदार कोपऱ्याचा हट्ट सोडा. आतली त्रिज्या जाडीएवढी ठेवली तरी बाहेरचा थर ३३ टक्के ताणला जातो. त्याहून टोचका कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या दोन्ही कडा कानशीने गोल करून घ्या. ग्राइंडरचा आडवा ओरखडा तिथे राहू देऊ नका, चीर तिथूनच सुरू होते.

ठिणगी
कोपरा धारदारच हवा असेल तर अजून एक मार्ग आहे. वळणाच्या *बाहेरच्या* बाजूने ग्राइंडरने आडवी खाच मारा, ७ मिमी खोल. राहिलेली ३ मिमी सहज वळते आणि खाच आपोआप व्ही होऊन उघडते. तो व्ही तळापासून दोन-तीन थरांत वेल्डने भरा. लोक आतून खाच मारतात, पण ७ मिमी खोल आणि ३ मिमी रुंद चीर २५ अंशांच्या आतच मिटते, मग पट्टी अडते.

आणि पट्टी नवीन आहे की भंगारातली? गाडीची जुनी पाटा-स्प्रिंग (जास्त कार्बनचं पोलाद) असेल तर यातलं काहीच करू नका. ग्राइंडरला लावून पाहा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ असतात, जास्त कार्बन असेल तर चांदण्यांसारख्या फुटतात.

खटपट_चालू
पट्टी नवीनच आहे. ठिणग्याही पाहिल्या, लांब आणि सरळ. कानसकाका, त्रिज्येचं पटलं, चौकटच बनवतो. तुकडा किती लांबीचा कापू? २५० + १५० = ४००?

जुनी_कानस
नाही, ४०० कापलात तर पाय लांब होतील. बाहेरच्या मापातून त्रिज्या आणि जाडी वजा करा: २५० − २३ = २२७, १५० − २३ = १२७. वळणात जाणारी लांबी १.५७ × (१३ + ४) = २७; ४ म्हणजे आतल्या पृष्ठभागापासून ४ मिमीवरचा थर, जो ना ताणला जातो ना दाबला. बेरीज ३८१. तुमच्या मापात एक सोय आहे: आतली मापं, २४० आणि १४०, नुसती मिळवली तरी ३८० येतात. वळणाची मध्यरेषाही लांब टोकापासून २४० वर मारा, खडूने. सेंटर पंचने (खूण ठोकायच्या टोकदार अवजाराने) खूण केली तर तिथूनच चीर जाईल. पहिला तुकडा वाया जाणार असं धरून एक जास्तीचा कापा.

खटपट_चालू
चौकट झाली. पहिला तुकडा ९० वर थांबवला आणि जॅक सोडल्यावर ८८ ला आला. दुसरा ९२ पर्यंत दाबला, बरोबर ९० वर बसला. बाहेरून चीर नाही, भिंगाने पाहिलं. पण एक पाय किंचित पिळल्यासारखा दिसतोय, टोकाला २ मिमी.

जुनी_कानस
तुकडा बारांवर तिरका ठेवला गेला असणार. खालच्या प्लेटवर बाजूला एक अँगल वेल्ड करा आणि पट्टीची कड त्याला टेकवूनच दाबा. दाबताना समोर नाही, बाजूला उभे राहा. झालेला पीळ पाना लावून थंडच काढता येईल.