अनुभव धागा: सरळ रस्ता, स्वच्छ हवा, संध्याकाळची वेळ

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ सालच्या अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत. मेलेल्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे, वीसेक टक्के पायी चालणारे. मला खटकलं ते वेगळंच. आपण घाट, धुकं, पाऊस यांना घाबरतो. अहवालात मात्र बहुतेक अपघात सरळ रस्त्यावर, स्वच्छ हवेत झालेले दिसतात, आणि सगळ्यात जास्त संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात. मग 'वेळच आली होती' म्हणून आपण जे सोडून देतो, ते नक्की काय असतं?

तुम्ही पाहिलेलं, भोगलेलं लिहा. रस्ता कसा होता, उजेड किती होता, पुढे पोलीस-दवाखाना-विमा कसं झालं, तेही लिहा. नावं आणि गाडीचे नंबर नकोत. ड्रायव्हर लोकांना शिव्या घालायच्या असतील तर त्याचे धागे पुष्कळ आहेत.

ऊसपट्टा
आमच्याकडं सांगली भागात दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पंक्चर झाली की ट्रॉली जागेवरच उभी, मागं चार दगड आणि एक फांदी. झाली सुरक्षा!

माझा मामेभाऊ कामावरनं परत येत होता, सातचा सुमार. समोरच्या गाडीनं अप्पर मारलेला, त्या झगमगाटाच्या पलीकडं ट्रॉली उभी. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती, म्हणजे त्याला ती दिसलीच नाही. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण जबडा तारेनं बांधून महिनोन् महिने पेजेवर होता. पंचनाम्यात काय आलं? 'भरधाव वेगात, हयगयीने'. ट्रॉली दुसऱ्या दिवशी गेली, दगड तिथंच.

कारखाने हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम घेतात, पेपरात फोटो येतो. आठवड्यात ते रिफ्लेक्टर चिखलानं माखतात.

माजी_हवालदार
वरच्या 'भरधाव'बद्दल लिहितो, कारण ते शब्द मीही लिहिलेत. सगळे लिहितात.

जागेवर गेल्यावर आधी जखमी पाठवायचा, मग गाड्या बाजूला घ्यायच्या, मागे दोन किलोमीटर रांग, नातेवाईक अंगावर आलेले. पंचनाम्याला निवांतपणा कुठला? गुन्हा दाखल करायचा तर आरोपी लागतो. पूर्वी भादंवि २७९ (बेदरकार चालवणं) आणि ३०४-अ (हयगयीने मृत्यू), आता न्याय संहितेत २८१ आणि १०६. दोन्ही कलमं माणसावर लागतात. बंद दिव्यावर, खचलेल्या साइडपट्टीवर, पाटी नसलेल्या दुभाजकावर लागत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याचं काम निकषाप्रमाणे नसेल तर ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या नोकरीत ते लागलेलं मी पाहिलं नाही.

आता २०२२ च्या अहवालात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात का दिसतात, ते कळेल. वेग नव्हताच असं म्हणणार नाही. धडक किती जीवघेणी ठरते ते वेगावरच. पण मामेभावासारखी केस त्याच रकान्यात जाते आणि ट्रॉली हिशेबातून सुटते. हल्ली मोबाइलवर ॲपमध्ये जागेचे फोटो आणि लोकेशन भरावं लागतं, ते चांगलं झालं. फोटोत निदान अंधार तरी दिसतो.

वऱ्हाडी_वाटसरू
काका, समृद्धीवर तर तुमचा रकाना अजूनच घोळात पडेल. ७०१ किलोमीटर, कारला १२० ची परवानगी, म्हणजे नियमात असूनही वेग प्रचंड. २०२३ च्या १ जुलैला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, ते आमच्या घरापासून फार लांब नाही.

मी मेहकरच्या पुढे भर दुपारी बघितलेलं सांगतो. पुढची कार हळूहळू डावीकडे सरकत गेली. ना ब्रेक, ना इंडिकेटर, नुसती अलगद, आणि रेलिंगला घासत गेली. आम्ही थांबलो. चालवणारा म्हणत होता, 'झोपलो नव्हतो, डोळे उघडे होते.' मला ते खरं वाटतं. तासन् तास वळण नाही, गाव नाही, बैल आडवा येत नाही. सुरुवातीला तर चहाला थांबायचीही सोय नव्हती. आता आमच्याकडे नियमच केला आहे: इंटरचेंज आला की उतरायचं, टायरला हात लावून बघायचा, मग पुढे.

नऱ्हेकर
पुण्याचा नवले पूल. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की उतार सुरू होतो तो थेट आमच्या दारात संपतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टँकरने अठ्ठेचाळीसेक गाड्या उडवल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा आगीत आठ जीव गेले. प्रत्येक वेळी ऐकू येतं, 'ब्रेक फेल'. ब्रेक आपोआप फेल होत नाहीत हो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, तापतात आणि धरेनासे होतात. रात्री बाल्कनीत जळक्या लायनरचा वास येतो. पाट्या लावल्या, रम्बलर टाकले. पण उतार तोच, आणि उतार संपतो तिथेच सिग्नलसारखी गर्दी.

मागची_सीट
थोडक्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागे बसलेले दोघंही पट्ट्याविना होते. तेव्हापासून मी मागेही पट्टा लावते. टॅक्सीत बक्कल सीटकव्हरखाली दडपलेलं असतं. मागितलं की ड्रायव्हर म्हणतो, 'ताई, मागे पोलीस पकडत नाहीत.'

रत्नांग्रीचा
दिवस मावळताना महामार्गावर पडलेल्या एका पोराला आम्ही रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात (नाव नको) काउंटरवर पहिला प्रश्न: तुमचं नाव, पत्ता, पैसे कोण भरणार? माझ्यासोबतच्या मास्तरांनी शांतपणे सांगितलं, '१३४-अ. आम्ही नाव द्यायला बांधील नाही. आधी त्याला आत घ्या.' घेतलं. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ ला ते मोटार वाहन कायद्यात १३४-अ म्हणून आलं, हे मला त्या दिवशी कळलं. १०८ लावली होती, पण रिक्षा आधी पोचली.

पायी_चालणारी
माझ्या सासऱ्यांना पहाटे फिरायला गेले असता कुणीतरी उडवून गेलं. गाडी सापडली नाही, तपास बंद होणार म्हणतात. गाडीच नाही तर विमा कुणाचा? काही मार्ग आहे का?

मोटार_ट्रिब्युनल
ताई, वाईट वाटलं. मार्ग आहे. अज्ञात वाहनाने धडक दिली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. वाहन सापडण्याची अट नाही. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. एफआयआरची प्रत, पोस्टमॉर्टेम अहवाल, वारसाचं पासबुक सोबत न्या. कार्यालयात 'अशी योजना नाही' म्हणाले तर कलम लिहून अर्ज आवकला टाका आणि पोच घ्या.

पायी_चालणारी
पोच घेते. दीर सोमवारी प्रांत ऑफिसला जाणार आहेत, कलम त्यांना आत्ताच लिहून पाठवते.