‘वारं गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

दर्यापूरकर : आमच्याकडं म्हातारी माणसं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तरणे ‘लकवा मारला’, न दवाखान्याच्या कागदावर ‘पक्षाघात’. तिन्ही एकच का?

आर्वीकर : अगदी एक नाहीत. ‘पक्ष’ म्हणजे बाजू, म्हणून एका बाजूवरचा आघात. ‘अर्धांगवायू’त दोष वाताला दिलाय, आयुर्वेद याला वातव्याधीच मानतो. ‘वारं’ हे त्याचंच घरगुती रूप असावं. ‘लकवा’ मात्र अरबीतला, आणि तिथं त्याचा अर्थ नुसतं तोंड वाकडं होणं. संस्कृतात त्याला ‘अर्दित’. आपण तो शब्द अख्ख्या अंगाला लावून टाकला.

उमरखेडची सिस्टर : हा फरक आम्हाला रोज लागतो, दादा. कपाळाला आठी पडत नाही, डोळाही मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस दुखावलेली. मेंदूच्या झटक्यात ओठ लोंबतो, पण आठी सहसा पडते. सोबत हात लुळा, नाहीतर बोलणं बिघडलेलं. अर्थात हे घरी ठरवत बसू नका.

दर्यापूरकर : माह्या काकांचं ऐका ताई. कापूस वेचता वेचता हातच गळला. पाणी मागायचं तं भलताच शब्द निघे. आजी म्हणे, बोबडी वळली. अर्ध्या तासानं सारं ठीक. ‘वारं आलं न गेलं’ म्हणून कोणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी उजवं अंग गेलं.

आर्वीकर : बोबडी भीतीनं वळते. जीभ जड होणं निराळं आणि शब्दच न सापडणं निराळं. या दुसऱ्याला ‘वाचाघात’ म्हणतात. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते आणि उजवं अंगही तोच चालवतो, म्हणून दोन्ही बरोबर जातात.

उमरखेडची सिस्टर : ते अर्ध्या तासाचं वारंच खरा इशारा होता. रक्त थोडा वेळ अडलं, मग सुरू झालं. आणि १०८ ला नुसतं ‘झटका आला’ सांगू नका. हृदयाचा, मिरगीचा, मेंदूचा, सगळे झटकेच. तोंड वाकडं, हात उचलत नाही, माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, असं सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून. आत रक्तस्राव असेल तर तेच जिवावर उठतं.

दर्यापूरकर : मंग येऊन जाणाऱ्या वाऱ्याले कोणाच्या गावात वेगळं नाव आहे का?