मुंबई लोकलसारखी तिकीट आणि पासची सोय जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावर मिळू शकते का?

जालन्याचा नोकरदार (प्रश्न)

नमस्कार. मी जालन्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जातो. मध्यंतरी ठाण्याला बहिणीकडे मुक्काम होता, तेव्हा तेथील लोकलची तिकीट व्यवस्था जवळून पाहिली. ऐन गर्दीच्या वेळीसुद्धा बहुतेक लोक खिडकीकडे न पाहता थेट फलाटावर जातात, कारण पास खिशात किंवा मोबाइलमध्ये असतो आणि तो आपल्या टप्प्यातील कोणत्याही साध्या लोकलला चालतो. आमच्याकडे मात्र गाडी येण्याच्या आधी खिडकीपुढे रांग लागते आणि पास काढलेल्या माणसालाही गाडीत चढल्यावर ‘हा डबा रिझर्वेशनचा आहे, पुढे जा’ असे ऐकावे लागते.

मुंबईसाठी रेल्वेचे तिकीट नियम वेगळे आहेत का? असल्यास तशी व्यवस्था आपल्या मार्गावर मागता येईल का? रेल्वेत काम केलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

परभणीचे निवृत्त बुकिंग क्लार्क

आपल्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करतो.

पासची योजना संपूर्ण भारतीय रेल्वेची आहे. दीडशे किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी कोणत्याही दोन स्थानकांदरम्यान सीझन तिकीट, म्हणजेच पास, मिळतो आणि जालना–छत्रपती संभाजीनगर हे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाला साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांएवढे पैसे पडतात. तिमाही पास मासिकाच्या 2.7 पट, सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8 पट दराने मिळतो. जून 2014 मध्ये रेल्वेने मासिक पासाचा दर तीस फेऱ्यांच्या हिशेबाने लावण्याचे ठरवले होते. त्यावर मुंबईत एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला, आणि त्याचा लाभ आपल्याकडील पासधारकांनाही झाला. 1 जुलै 2025 च्या भाडेवाढीतूनही उपनगरी भाडे आणि सीझन तिकिटे वगळण्यात आली. त्यामुळे दराच्या बाबतीत मराठवाड्यावर अन्याय झाला आहे, असे मला तरी म्हणता येत नाही.

खरा फरक गाडीत आहे. लोकलमध्ये आरक्षण हा प्रकारच नाही, त्यामुळे महिला, दिव्यांग अशांचे राखीव डबे सोडले तर आपल्या वर्गाचा प्रत्येक डबा पासधारकाचा असतो. आपल्या मार्गावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या लांब पल्ल्याच्या आहेत. त्यांतील दोन-चार जनरल डबे सोडले तर पासाचा उपयोग नाही, सुपरफास्ट गाडीसाठी जादा आकार भरावा लागतो, आणि जनशताब्दी किंवा वंदे भारतमध्ये पास चालतच नाही. म्हणजे रेल्वे आपल्याला महिनाभराच्या प्रवासाचा हक्क विकते, पण तो वापरण्यासाठी सकाळ-संध्याकाळ मोजक्याच गाड्या देते.

यामागचे कारण रुळांचे आहे. परभणीपासून मुदखेडपर्यंत दुहेरी मार्ग झाला, मात्र छत्रपती संभाजीनगर ते परभणी हा टप्पा एकेरी राहिला. समोरून गाडी येत असेल तर पॅसेंजरलाच बाजूला थांबवतात, हे आपण रोज अनुभवत असाल. या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. ते काम पूर्ण होईपर्यंत दर अर्ध्या तासाला शटल मागण्यात अर्थ नाही. हे कटू असले तरी स्पष्ट सांगितलेले बरे.

डोंबिवलीत राहणारी सेलूकर

काकांनी नियम सांगितले आहेत, मी रोजच्या वापराविषयी लिहिते. मुंबईत फलाटावर जायला मेट्रोसारखे फाटक नाही. सगळी व्यवस्था विश्वासावर आणि अधूनमधून होणाऱ्या तपासणीवर चालते. दादरच्या पुलावरून उतरताना पायऱ्यांच्या तोंडाशीच टीसी उभे असतात आणि गर्दीतून नेमका माणूस बाजूला घेतात. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड होतो. दुसऱ्या वर्गाचे सर्वांत कमी तिकीट 5 रुपयांचे आहे, हे लक्षात घेतले तर हा दंड किती भारी आहे ते कळेल.

मोबाइलवर तिकीट काढण्याची सोय 2014 मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती देशभर आहे आणि रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपवर मिळते. म्हणजे जालन्याचा पासही तुम्हाला घरबसल्या काढता येईल. मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कागदविरहित तिकीट स्थानकाच्या आवारात किंवा रुळांजवळ उभे राहून काढता येत नाही, कारण नाहीतर टीसी दिसल्यावरच लोक तिकीट काढतील. आवारात पोहोचलाच असाल तर तेथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा. दूरवरून तिकीट काढण्यावर पूर्वी अंतराची मर्यादा होती, ती 2024 मध्ये काढून टाकण्यात आली. मोबाइलवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे जुना पास संपण्याच्या दिवशीच नवा काढून ठेवावा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीआधी काढलेला त्या दिवशी चालत नाही. स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. फोनची बॅटरी संपली तर प्रवासी विनातिकीट ठरतो, आणि पासावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक आहे तेच ओळखपत्र जवळ असावे लागते.

ज्यांना फोन जमत नाही त्यांच्यासाठी स्थानकात एटीव्हीएम, म्हणजे तिकीट देणारी स्वयंचलित यंत्रे, आहेत. बहुतेक ठिकाणी यंत्राशेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे आजोबा बसतात, स्थानकाचे नाव कानावर पडताच त्यांची बोटे पडद्यावर चालू लागतात आणि सुटे पैसे मोजून होईपर्यंत तिकीट बाहेर आलेले असते. खिडकीची निम्मी गर्दी ही मंडळीच कमी करतात, असे माझे मत आहे.

बदनापूरची शिक्षिका

वरील चर्चेत लहान स्थानकांचा विचार राहून गेला. आमच्याकडे मोबाइलवर तिकीट काढणे अवघड राहिलेले नाही, माझे विद्यार्थीसुद्धा पालकांना काढून देतात. परंतु लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या येथे थांबतच नाहीत, त्यामुळे तिमाही पास काढूनही सकाळची एक गाडी चुकली की एसटीला वेगळे पैसे मोजावे लागतात. सोबतच्या अनेक जणींनी याच कारणाने पास घेणे सोडले. मग ‘या स्थानकावरून पासविक्री कमी आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि थांबा मागताना तोच आमच्या विरोधात वापरला जातो. रेल्वेने विक्रीचे आकडे पाहताना ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

जालन्याचा नोकरदार

सर्वांचे आभार. बदनापूरच्या ताईंनी मांडलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. दुहेरीकरण होईपर्यंत जादा गाड्या शक्य नसतील, तर आहे त्याच गाड्यांमध्ये पासधारकांची सोय करता येणार नाही का?

परभणीचे निवृत्त बुकिंग क्लार्क

येईल, आणि मागणी तिथेच केंद्रित करावी. लांब पल्ल्याच्या गाडीतील स्लीपरचे काही डबे दिवसाच्या ठरावीक टप्प्यात अनारक्षित ठरवण्याची तरतूद रेल्वेत आहे. सकाळी जालन्याहून जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या गाडीत असा एक डबा मागा आणि त्यात पास चालेल असे स्पष्ट नमूद करून घ्या, नाहीतर डबा मिळेल आणि टीसीशी वाद तसाच राहील. अर्ज नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्यांना द्यावी. अर्जाला पासधारकांच्या सह्यांबरोबर त्यांच्या पासांचे क्रमांक जोडा. नुसत्या सह्यांच्या कागदाकडे कार्यालयात कोणी फारसे पाहत नाही, क्रमांक असले की मात्र वाणिज्य शाखेला पडताळणी करावी लागते. बदनापूरच्या ज्या प्रवाशांनी पास सोडला त्यांच्या जुन्या पासांचे क्रमांकही वेगळ्या यादीत लावावेत.